टाइप २ मधुमेह: डोळे, किडनी, पाय आणि हृदय कसं सांभाळायचं? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नागपुरात मधुमेही रुग्णांच्या समुपदेशनाचं काम करते. ओपीडीबाहेरच्या बाकावर, कधी जिन्यात, कधी भाजीबाजारात लोक मला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. औषध कोणतं द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. पण ते औषध तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या वेळांत आणि तुमच्या खिशात बसतं का, हे तुमच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. ते न विचारता, न सांगता झालेला उपचार कागदावरच राहतो आणि मधुमेह आपलं काम करत राहतो, हे मी रोज पाहते. इथलं वाचून स्वतःच औषध बदलू नका. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता यावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं आहे.

शुगर २०० च्या वर येते, पण मला काहीच त्रास नाही जी. मग गोळी काहून घ्यायची?

प्रश्न रास्त आहे. जे दुखत नाही त्यावर रोज पैसे का घालवायचे? अडचण अशी की वाढलेली साखर वर्षानुवर्षं आवाज न करता रक्तवाहिन्या खराब करते. बारीक वाहिन्या बिघडल्या की डोळ्याचा पडदा, किडनी आणि पायांच्या नसा जातात. मोठ्या वाहिन्यांत चरबी साचली की हार्ट अटॅक आणि लकवा. टाइप २ मधुमेह सापडण्याआधी बरेचदा काही वर्षं अंगात असतोच. म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात डोळे तपासले तर काहींच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसतात, आणि त्या माणसाला तोवर पेपर स्पष्ट वाचता येत असतो.

तहान, वारंवार लघवी, थकवा ही लक्षणं साखर बरीच वाढल्यावर येतात. ती नाहीत म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका.

‘रुग्णकेंद्री उपचार’ असं आजकाल ऐकतो. म्हणजे डॉक्टरांनी आमच्या मनासारखं वागायचं का?

तसं नाही. एक उदाहरण सांगते. बुटीबोरीच्या एका कारखान्यात रात्रपाळी करणारे एक गृहस्थ होते. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘सकाळी नाश्त्याआधी एक, रात्री जेवणाआधी एक.’ ते सकाळी आठला घरी यायचे, गोळी घ्यायचे आणि काही न खाता झोपायचे. गोळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे पोटात अन्न नसलं तरी साखर खाली आणणारी. दुपारी घामाने भिजून, छाती धडधडत जाग यायची. दोन-चारदा असं झाल्यावर त्यांनी गोळी परस्पर बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही, कारण डॉक्टर रागावतील. पुढच्या भेटीत साखर वाढलेली दिसली, म्हणून डोस वाढला.

इथे चूक कोणा एकाची नाही. कोणीतरी फक्त एवढं विचारायला हवं होतं, ‘तुमचा दिवस कधी सुरू होतो, पहिला घास कधी खाता, डबा किती वाजता उघडता?’ ते विचारल्यावर साखर एकदम खाली न पाडणारं औषध निवडलं गेलं आणि गोळी डब्याच्या वेळेला बांधली. पुढे त्यांनी ती सोडली नाही.

अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांनी २०१२ साली संयुक्तपणे हेच मांडलं: साखरेचं लक्ष्य आणि औषध माणूस पाहून ठरवायचं. वय, इतर आजार, साखर खाली जाण्याचा धोका, खर्च, घरी मदतीला कोण आहे आणि त्या माणसाला स्वतःला काय हवं, हे सगळं त्यात आलं. डॉक्टरांचं ज्ञान आणि तुमच्या दिवसाची माहिती, दोन्ही टेबलावर हवीत.

एचबीए१सी ७ च्या खालीच पाहिजे का? शेजारच्या काकांना डॉक्टरांनी ८ चालेल म्हटलं.

दोघांचे डॉक्टर बरोबर असू शकतात. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज. बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या आत हे चांगलं लक्ष्य. नव्याने निदान झालेला, तरुण, इतर आजार नसलेला माणूस साखर खाली न जाता ६.५ पर्यंत राहू शकत असेल तर उत्तमच. पण ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या राहणाऱ्या, हृदयविकार असलेल्या आजोबांसाठी ८ च्या आसपास राहणंच शहाणपणाचं असतं. त्यांच्यासाठी साखर खाली जाऊन बाथरूममध्ये पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हा मोठा धोका आहे.

यामागे पक्के पुरावे आहेत. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासात नव्याने निदान झालेल्यांपैकी एका गटाचं एचबीए१सी ७ च्या आसपास आणि दुसऱ्याचं ७.९ च्या आसपास राहिलं. एवढ्याशा फरकाने डोळे आणि किडनीसारख्या बारीक वाहिन्यांचे बिघाड २५ टक्के कमी झाले. पुढे दोन्ही गटांच्या साखरेतला फरक पुसला गेला, तरी सुरुवातीला सांभाळलेल्यांना त्याचा फायदा दहा वर्षांनंतरही मिळत होता. म्हणून पहिली वर्षं वाया घालवू नका, असं मी नव्या रुग्णांना हात जोडून सांगते.

दुसरीकडे, अमेरिका आणि कॅनडातल्या अकॉर्ड अभ्यासात जुना मधुमेह आणि हृदयाचा धोका असलेल्यांचं एचबीए१सी ६ च्या खाली रेटायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले, म्हणून २००८ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. तेव्हा ‘माझं लक्ष्य किती आणि का?’ हे डॉक्टरांना विचारा आणि आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ग्लुकोमीटरवर साखर जास्त दिसते, पण एचबीए१सी चांगलं येतं. कोणावर विश्वास ठेवायचा?

विदर्भात या प्रश्नाकडे जरा जास्तच लक्ष द्यायला हवं. आपल्याकडे सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. एचबीए१सी हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजतं. लाल पेशी नेहमीपेक्षा लवकर फुटत असतील, तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेल आजारात हेच होतं. नुसते वाहक असलेल्यांमध्येही तपासणीच्या काही पद्धतींत गडबड होऊ शकते. याउलट लोह कमी असल्याने झालेल्या रक्तक्षयात आकडा थोडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्या बायांमध्ये रक्तक्षय किती आहे हे वेगळं सांगायला नको.

म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, तुमच्या कार्डावर ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (आजार असलेला) लिहिलेलं असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर ते मधुमेहाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुष्कळ लोक ती फाइल वेगळी ठेवतात, ‘तो दुसरा आजार’ म्हणून. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर वारंवार मोजून किंवा फ्रुक्टोसमिन नावाच्या तपासणीवरून अंदाज घेतात.

साखर ताब्यात आहे. मग बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कशाला?

कारण मधुमेही माणसाचा जीव बरेचदा हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे जातो. यूकेपीडीएसमध्येच बीपी जास्त काटेकोर सांभाळलेल्यांमध्ये लकवा ४४ टक्के कमी झाला. डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात माणसं फक्त १६० होती, पण साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, खाणं, चालणं, तंबाखू या सगळ्यांवर एकत्र काम झालं. हृदयाचे झटके आणि तत्सम घटना जवळपास निम्म्या झाल्या, आणि २१ वर्षांनी पाहिलं तर तो गट नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा सुमारे आठ वर्षं जास्त जगला होता.

बीपी बहुतेकांसाठी १३०/८० च्या आत. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींना कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट ठीक असला तरी बरेचदा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी देतात, तो धोका कमी करण्यासाठी. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद केली’ हे मी फार ऐकते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे. म्हणजे किडनी ठीक ना?

नक्की सांगता येत नाही. क्रिएटिनिन वाढायला लागतं तोवर किडनीचं बरंच काम कमी झालेलं असतं. त्याच्या खूप आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन गळू लागतं. म्हणून वर्षातून एकदा लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर, तपासायची. ३० च्या वर वारंवार आली तर किडनी मदत मागते आहे असं समजा. सोबत क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज, पाहायचा. साधी लघवी तपासून ‘प्रोटीन निल’ आलं तरी सुरुवातीची गळती त्यात सुटू शकते.

या टप्प्यावर हातात पुष्कळ काही असतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या ही गळती कमी करतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि किडनी व हृदय दोन्हींना आधार देतात. त्यांचे पेटंट संपल्यावर भारतात किमती बऱ्याच उतरल्या आहेत. कोणी पूर्वी ‘महाग आहे’ म्हणून नाही म्हटलं असेल तर आता पुन्हा विचारा.

आणि एक गोष्ट कळकळीने: गुडघे दुखतात म्हणून मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनची पाकिटं आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. मधुमेह, बीपी आणि दुखण्याच्या गोळ्या एकत्र आल्या की किडनीला ते फार जड जातं. घरात कोणती वेदनाशामक गोळी आहे, ती रॅपरसकट डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचा नंबर दरवर्षी तपासतो. तेवढं पुरेसं आहे का?

नाही. चष्म्याचा नंबर वेगळा आणि पडद्याची तपासणी वेगळी. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून किंवा पडद्याचा फोटो काढून पाहावं लागतं. निदान झाल्याबरोबर एकदा आणि मग साधारण दरवर्षी. बिघाड लवकर सापडला तर लेझर आणि इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते. त्या दिवशी थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नका, मुलाला किंवा सुनेला सोबत न्या.

पायाला मुंग्या येतात, तळवे रात्री जळतात. हे काय आहे?

नसांवर परिणाम होऊ लागल्याची ही खूण असू शकते. बी-१२ कमी असलं तरी असंच होतं, आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं, विशेषतः शाकाहारी लोकांत. तेव्हा ते तपासून घ्या. पण मला भीती जळजळीपेक्षा तिच्या नंतरच्या अवस्थेची वाटते. जळजळ थांबते, माणूस म्हणतो, ‘आता बरं आहे’, आणि खरं तर तोवर पायाला काही कळेनासं झालेलं असतं.

पायाची तपासणी कशी होते ते सांगते, म्हणजे तुमची झाली की नाही हे तुम्हाला समजेल. चपला-मोजे काढायला लावतात. तुम्हाला डोळे मिटायला सांगतात. मग नायलॉनचा एक जाडसर धागा तळव्यावर टेकवून, तो वाकेपर्यंत दाबतात. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा हा धागा अंगठ्याखाली, करंगळीखाली असा फिरतो आणि ‘लागलं की हो म्हणा’ एवढंच सांगतात. एकदा एक आजी डोळे मिटून शांत बसून होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘सुरू कर ना बाई.’ तेव्हा माझ्या सहकाऱ्याचा धागा तिसऱ्या जागेवर वाकलेला होता. त्यांच्या बोटांच्या बेचक्यात एक जखमही होती. सून रोज पाय दाबून द्यायची, पण बेचक्यात कोणी पाहिलं नव्हतं. जखम वेळेत सापडली आणि भरली.

यानंतर व्हायब्रेशनच्या काट्याने कंप कळतो का ते पाहतात आणि पायाची नाडी चाचपतात. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवं, आणि कोणी करत नसेल तर तुम्ही स्वतः चप्पल काढून ‘पाय पाहता का?’ म्हणा.

घरी रोज रात्री तळवे, टाचा, बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. गरम पाण्यात पाय बुडवून शेकू नका. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापू नका, त्याची पट्टीही लावू नका. बुटात पाय घालण्याआधी हात घालून आत खडा, खिळा नाही ना ते पाहा. नवीन चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

नवरात्रात कोराडीला अनवाणी जायचा नवस आहे. नागद्वारलाही जातो. जाऊ की नको?

श्रद्धेचा मान राखूनच सांगते. पायाची संवेदना गेली असेल तर अनवाणी चालू नका. डांबराने भाजलेला फोड अशा पायाला कळत नाही, आणि दोन दिवसांनी मोज्यावर डाग दिसतो तेव्हा जखम खोल गेलेली असते. देवीसमोर चप्पल काढा, रस्त्यावर घाला. मे महिन्यात देवळाच्या फरशीवरही भाजतं, तिथे जाड मोजे घालून जा. पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वारच्या चढ-उतारावर पक्के बूट, सुके मोजे, खिशात साखर आणि सोबत एक माणूस हवा. ही चर्चा यात्रेच्या आधीच्या भेटीत करा, म्हणजे औषधाच्या वेळाही ठरवता येतील. आमच्याकडे एका काकांनी नवस मोडायचा नाही असं ठामपणे सांगितलं, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी मिळून पर्याय काढला: चालणं तेवढंच, पण पायात बूट.

आता सावजी, तर्री पोहे, संत्री सगळं बंद का?

बंद करायला सांगितलेलं कोणी पाळत नाही, आणि मग लपूनछपून खातात. त्यापेक्षा ताटात काय चालतं ते नीट समजून घ्या.

तर्री पोहे: साखर वाढवतात ते पोहे, चण्याचा रस्सा नव्हे. ठेल्यावर ‘पोहे अर्धे, चणे जास्त, तर्री वरून कमी’ असं सांगता येतं आणि ठेलेवाले देतातही. वरून शेव, सोबत आलूपोंगा आणि गोड चहा असं झालं की नाश्त्यातच दिवसाचा हिशेब चुकतो.

सावजीचा तिखटपणा मधुमेहाला काही करत नाही. तेलाचा थर, मीठ आणि रस्स्याबरोबर नकळत जास्त जाणाऱ्या भाकऱ्या किंवा भाताचा ढीग, हे पाहायचं. मटणाचे तुकडे खा, वरची तर्री वाटीत बाजूला काढा, भाकरी एक. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर हे महिन्यातून एखाद्या वेळेपुरतंच.

ज्वारीची भाकरी चांगली, पण ती ‘शुगर-फ्री’ नाही. दोन मोठ्या भाकऱ्यांत पिष्ट भरपूर असतं. वडाभात, गोळाभात करता तेव्हा भात निम्मा करून कोशिंबीर वाढवा. आधी कोशिंबीर, भाजी, वरण आणि शेवटी भात, अशा क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे आज रात्रीपासून करता येण्यासारखं आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

संत्रं सालीतून सोलून, फोडींसकट एक खा. रस नको, एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि चोथा टाकला जातो. संत्राबर्फी मात्र मिठाईच आहे, तिच्या नावातल्या संत्र्यावर जाऊ नका. किडनी बिघडून पोटॅशियम वाढलेलं असेल तर कोणतंही फळ आधी विचारून.

स्वयंपाक करणारी व्यक्ती ओपीडीत आलीच पाहिजे, हा माझा हट्ट आहे. काकांना दिलेला आहाराचा कागद काकूंपर्यंत पोचतच नाही, आणि काकूंना वाटतं की आपल्या हाताच्या चवीला दोष दिला.

उपासाचं काय?

साबुदाणा आणि बटाटा साखर झपाट्याने वाढवतात. भगर, दही, शेंगदाणे, काकडी बरी, पण भगरीचंही प्रमाण बेतानेच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी निर्जळी उपास किंवा रोजा ठेवण्याआधी किमान काही आठवडे डॉक्टरांना भेटावं. साखर ७० च्या खाली गेली तर उपास तिथेच सोडायचा.

खर्रा सोडला तर शुगरमध्ये खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि रक्तवाहिन्यांमध्ये त्याहून जास्त. तंबाखूने बीपी आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, पायाच्या वाहिन्या आकसतात. खर्ऱ्यात सुपारीही असते. सुपारीने तोंड आखडत जातं. अशा माणसाला आम्ही कोशिंबीर खा, चणे खा, भाकरी खा सांगतो, आणि त्याच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. मग तो पातळ खिचडी, चहा-बिस्किट यांवर येतो आणि साखर चढते. हे गणित आहाराच्या कागदात कुठेच नसतं. पानठेल्यावर रोज किती पुड्या जातात ते न लाजता सांगा. सोडायला औषध आणि समुपदेशन दोन्हींची मदत मिळते, १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोनही करता येतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा, हिरड्यांचा संसर्ग आणि साखर एकमेकांना वाढवतात.

मे महिन्यात फ्रिज नाही, लाइट जाते. इन्सुलिन कसं ठेवायचं?

नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हा प्रश्न जिवाचा आहे. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, दारात किंवा मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या. वापरात असलेलं साधारण चार आठवडे खोलीत चालतं, पण ती खोली ३० अंशांच्या आत असली तर, आणि उन्हाळ्यात आपली खोली तशी नसते. फ्रिज नसेल तर मातीचं मोठं भांडं घ्या, त्यात ओली रेती, रेतीत लहान मडकं आणि त्यात पिशवीत बांधून इन्सुलिन. सावलीत, हवा लागेल अशा जागी ठेवा आणि रेती रोज ओली करा.

गाडीच्या डिक्कीत इन्सुलिन, पेन किंवा ग्लुकोमीटरच्या पट्ट्या ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिक्की तापते आणि इन्सुलिनची ताकद जाते, दिसायला मात्र ते तसंच राहतं. उन्हाळ्यात अचानक साखर चढली तर डोस वाढवण्याआधी ‘इन्सुलिन कुठे ठेवलं होतं?’ हे तपासा.

उलटी-जुलाब लागले किंवा ऊन लागलं तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आणि काही बीपीच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या, ते डॉक्टरांकडून एप्रिलमध्येच लिहून घ्या. इन्सुलिन मात्र स्वतःहून पूर्ण बंद करायचं नाही.

इन्सुलिन लागलं म्हणजे शेवटची पायरी ना?

नाही. टाइप २ मध्ये स्वादुपिंडाची ताकद वर्षांनी कमी होत जाते, म्हणून काहींना ते लागतं. तुम्ही पथ्य मोडलं म्हणून दिलेली ती शिक्षा नाही. ‘ऐकलं नाही तर सुई लावीन’ असं कोणी धाक दाखवायला म्हणत असेल तर ते थांबायला हवं. त्या धाकाने लोक भेटायलाच येत नाहीत.

अचानक घाम येतो, हात थरथरतात. काय करायचं?

साखर मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजता येत नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बरं वाटल्यावर थोडं खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, अॅम्ब्युलन्स बोलवा. असं वारंवार होत असेल तर औषध बदलायला हवं, आणि हे सांगायला लाजू नका.

बाबा ऐकतच नाहीत. चिडतात, गोळ्या लपवतात.

रोज तीच चर्चा, ताटाकडे सगळ्यांच्या नजरा, सणाला वेगळी वाटी. यानं माणूस थकतो. मधुमेहाचा कंटाळा ही खरी गोष्ट आहे, आणि मधुमेहींमध्ये नैराश्यही इतरांपेक्षा जास्त आढळतं. ‘किती खाल्लं?’ ऐवजी ‘तुम्हाला यातलं सगळ्यात जड काय जातं?’ असं एकदा विचारून पाहा. एका बाबांचं उत्तर होतं: रात्रीची गोळी घेतली की सकाळी पोट बिघडतं आणि बसमध्ये अडचण होते. मेटफॉर्मिनचा प्रकार बदलला आणि ते वाद मिटले. घरातल्या सगळ्यांनी एकच जेवण जेवावं, जेवणानंतर सोबत दहा-पंधरा मिनिटं चालावं, मग ते पथ्य एकट्याचं राहत नाही. उन्हाळ्यात अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर पहाटेच जा, नाहीतर घरातच फेऱ्या मारा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.

एवढ्या तपासण्या आणि औषधं परवडत नाहीत.

हेच डॉक्टरांना सांगा, पहिल्या पाच मिनिटांत. लोक परवडत नाही म्हणून एक दिवसाआड गोळी घेतात आणि ते लपवतात. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अॅटॉर्वास्टॅटिन ही कामाची औषधं जनऔषधी केंद्रात फार कमी पैशात मिळतात. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांत ओपीडी आहे. तीस वर्षांवरच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. पैसा कमी असेल तर मोठमोठी ‘पॅकेजेस’ घेऊ नका. वर्षातून एसीआर, क्रिएटिनिन, लिपिड, डोळ्याचा पडदा, पाय, आणि दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी, दर भेटीत बीपी. बाकीचं डॉक्टरांनी कारण सांगितलं तर.

एका वैद्याची पुडी घेतल्यावर शुगर एकदम उतरली. घेऊ का?

पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. लेबल नसलेल्या अशा औषधांत अॅलोपॅथीच्या गोळ्या मिसळलेल्या किंवा जड धातू आढळल्याचे प्रकार घडले आहेत. घेत असाल तर निदान लपवू नका. वजन चांगलं उतरवून काही लोकांची साखर औषधाविना ताब्यात राहते हे खरं आहे, मुख्यतः मधुमेह नवा असताना. तो प्रयत्न डॉक्टरांच्या नजरेखाली करा, आणि यश आलं तरी डोळे-किडनी-पायांची वार्षिक तपासणी चालू ठेवा.

डॉक्टर दहाच मिनिटं देतात. त्यात काय बोलू?

घरून एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: कोणती गोळी खरंच घेतो आणि कोणती नाही, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय आहे (मुलीचं लग्न, यात्रा, रात्रपाळी). औषधांची रॅपर्स पिशवीत टाका. निघताना विचारा: ‘माझं लक्ष्य किती? ही नवी गोळी कशासाठी? पुढच्या वेळी काय तपासायचं?’ आणि चिठ्ठीतलं कुठलंही वाक्य तुमच्या दिवसात बसत नसेल तर उठण्याआधी तिथेच सांगा.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

छातीत दाब, अचानक धाप किंवा गार घाम. मधुमेहात हार्ट अटॅक फारसं न दुखताही येतो, तेव्हा ‘गॅस झाला’ म्हणून थांबू नका. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली तर घड्याळात वेळ पाहून ठेवा, डॉक्टर तीच आधी विचारतील. एका डोळ्यासमोर अचानक पडदा किंवा काळे ठिपके. पायाची जखम काळी पडली, वास आला, ताप भरला. सतत उलट्या, पोटदुखी, खोल श्वास. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर साखर फार वाढलेली नसतानाही हे गंभीर असू शकतं, आणि कोणती गोळी चालू आहे ते कॅज्युअल्टीत सांगा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि निघताना औषधांची पिशवी व फाइल सोबत घ्या.